वहीतले नाव

दिवाळीच्या संध्याकाळी जळगावच्या दाणाबाजारातील आमच्या पेढीवर वहीपूजन होत असे. नव्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने श्रीकार रेखला जाई, गौतमस्वामींचे स्मरण होई आणि मग माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे बाबूजी म्हणत असू, लहानमोठ्या सर्वांना एकच गोष्ट दरवर्षी सांगत. ‘जे वहीत नाही, ते व्यवहारात नाही. तोंडी देणेघेणे विसरले जाते, लिहिलेले विसरता येत नाही.’ मी धुळ्याची मुलगी. वडिलांचे आग्रा रोडवर कापडाचे दुकान होते. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर लग्नापूर्वीची दोन वर्षे मी त्यांच्या दुकानाचे हिशेब लिहिले होते. त्यामुळे बाबूजींचे हे वाक्य मला फार आवडे. त्याचा दुसरा अर्थ मात्र माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली.

बाबूजी गावातल्या एका सेवाभावी क्लबचे जुने सभासद होते. रक्तदान, नेत्रशिबिर, शाळांना बाके, उन्हाळ्यात पाणपोया अशी कामे ते मनापासून करीत. शिबिराच्या दिवशी सासूबाई पहाटे चारला उठत. दीडशे माणसांचे थेपले, मुगाची खिचडी, रुग्णांसाठी शिरा, सारे त्यांच्या हातचे. डबे भरून गाडीत ठेवले की त्या सामायिकाला बसत. संध्याकाळी बाबूजी हारतुरे घेऊन परतत. सासूबाई रिकामे डबे मोजून घेत. हे तीस वर्षे चालले.

एकदा मी क्लबची परिचयपुस्तिका सहज चाळली. बाबूजींच्या छायाचित्राशेजारी त्यांचा व्यवसाय, रक्तगट, दूरध्वनी, भूषविलेली पदे. खाली दोन रकाने होते. लग्नाचा वाढदिवस आणि पत्नीचा वाढदिवस. तीस वर्षे शिबिरांना जेवू घालणाऱ्या बाईचे नाव त्या पुस्तिकेत होते, पण ते वाढदिवसाच्या रकान्यात.

हे एकट्या आमच्या गावचे नव्हते. रोटरीची स्थापना पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागोत केली, लायन्सची मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये, तीही शिकागोतच. दोन्ही संस्था व्यापारी आणि व्यावसायिक पुरुषांच्या म्हणून वाढल्या. रोटरीत सभासदांच्या पत्नींना ‘रोटरी ॲन’ म्हणण्याची रीत पडली. त्यामागे १९१४ सालची हकीकत आहे. ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या आगगाडीत सान फ्रान्सिस्कोच्या एका सभासदाची पत्नी होती, तिचे नाव ॲन. पुढे अधिवेशनात फिलाडेल्फियाच्या एका सभासदाची पत्नी भेटली, तिचेही नाव ॲन. थट्टेत पडलेले हे नाव पुढे जगभरच्या रोटेरियनांच्या पत्नींना चिकटले. कोणी कमला असो की शांता, क्लबच्या दारात ती ॲन झाली. प्रेमाने दिलेले नावसुद्धा माणसाचे स्वतःचे नाव पुसू शकते, हे मला ही गोष्ट कळली तेव्हा जाणवले.

बाबूजी गेले. त्यानंतर काही महिन्यांनी क्लबचे एक ज्येष्ठ सभासद घरी आले. ते बाबूजींचे स्नेही, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. बाबूजींची जागा यजमानांनी घ्यावी, अशी त्यांची इच्छा होती. तुरीचा हंगाम ऐन भरात होता. यजमानांनी हात जोडले. ‘काकाजी, मला खरेच जमणार नाही.’ मी पाणी घेऊन आले होते. कोठून धैर्य आले कोण जाणे, मी विचारले, ‘मी आले तर चालेल का?’

काकाजींच्या हातातला पेला हातातच राहिला. क्षणभराने ते म्हणाले, ‘बेटा, नियमाची काही अडचण नाही. पण सभा रात्री साडेआठला असते. मग जेवण. घरी परतायला साडेदहा होतात.’ यजमान म्हणाले, ‘मी सोडायला आणि न्यायला येत जाईन.’ सासूबाई आतून ऐकत होत्या. रात्री त्यांनी एवढेच विचारले, ‘आणि चौविहार?’

नियमाची अडचण नाही, हे काकाजींचे म्हणणे खरे होते. पण तो नियम सहज बदललेला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या लहानशा गावच्या रोटरी क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. त्याबद्दल १९७८ मध्ये त्या क्लबची मान्यताच काढून घेण्यात आली. क्लब न्यायालयात गेला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि ४ मे १९८७ रोजी निकाल क्लबच्या बाजूने लागला. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक या शिक्षिका दुआर्ते क्लबच्या अध्यक्ष झाल्या. लायन्सनेही १९८७ मध्येच स्त्रियांना सभासदत्व खुले केले. जानेवारी १९८९ मध्ये सिंगापूरला भरलेल्या रोटरीच्या नियम-परिषदेने ‘केवळ पुरुष’ ही अट साऱ्या जगासाठी काढून टाकली. पुढे लायन्सच्या आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदी २०१८ मध्ये आइसलँडच्या गुड्रून इंग्वादोत्तिर आल्या आणि रोटरीच्या २०२२ मध्ये कॅनडाच्या जेनिफर जोन्स. म्हणजे मी दार ठोठावले तेव्हा ते कायद्याने केव्हाचे उघडे होते. पण उघड्या दारातून आत जाण्याची वेळ रात्री साडेआठची होती, आणि ती वेळ कोणी एखाद्या स्त्रीला विचारून ठरवलेली नव्हती.

पहिल्या सभेला टाळ्या झाल्या, पुष्पगुच्छ मिळाला. जेवणाची ताटे मांडली गेली. मी हात जोडून बसून राहिले. सूर्यास्तानंतर मी पाणीही घेत नाही. शेजारचा प्रत्येकजण आग्रह करी आणि प्रत्येकाला मी तेच उत्तर देई. समोर बसलेले आपल्याच समाजातले तिघेचौघे मान खाली घालून ताटाकडे पाहत होते. मला कोणाला लाजवायचे नव्हते. घरी येऊन मी सासूबाईंना ते सांगितले तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो.

पहिल्या वर्षी मला कामे मिळाली ती अशी : पाहुण्यांचे स्वागत, दीपप्रज्वलनाची तयारी, रांगोळी, सूत्रसंचालन. येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. ही कामे मला आवडली. व्यासपीठावर उभे राहणे आवडले, वर्तमानपत्रात आलेली छायाचित्रे मी कापून ठेवली. सेवा करायला आलेली मी वर्षभर सेवेच्या समारंभात रमले. दोष क्लबचा जेवढा, तेवढाच माझ्या सन्मानलोलुपतेचाही.

एकदाच मी अडून बसले. वर्गणी मी माझ्या खात्यातून धनादेशाने भरली होती, पावती आली ती यजमानांच्या नावे. मी ती परत नेली. कोषाध्यक्षपद तेव्हा काकाजींकडेच होते. ते म्हणाले, ‘बेटा, घर तर एकच आहे.’ मी म्हटले, ‘घर एकच आहे, काकाजी. पण पेढीवर दोन भावांची खाती आपण एका पानावर लिहितो का?’ ते मोठ्याने हसले आणि त्यांनी नवी पावती लिहून दिली. व्यापारी माणसाला वहीच्या भाषेत सांगितले की ते लागलीच पटते, हे मी त्या दिवशी शिकले.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवरील एका खेड्यात मोतीबिंदूचे शिबिर होते. तपासणीची नोंदवही लिहायला कोणी नव्हते, म्हणून ती माझ्याकडे आली. संध्याकाळी बेरीज केली. शस्त्रक्रियेसाठी निवडलेले रुग्ण चौऱ्याऐंशी, त्यांत स्त्रिया अवघ्या तेवीस. मी पुन्हा बेरीज केली. तीच आली. एका सभासदांना विचारले, तर ते सहजपणे म्हणाले, ‘बायका येतच नाहीत हो, भाभी. दरवर्षीचेच आहे.’

मोतीबिंदू स्त्रियांना कमी होतो, असे मुळीच नाही. जगभरच्या पाहण्यांमध्ये मोतीबिंदूने येणारे अंधत्व पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते. त्याचे एक मोठे कारण शस्त्रक्रियेपर्यंत त्या पोहोचत नाहीत, हे आहे. लायन्सच्या नेत्रकार्याचा आरंभ तर एका स्त्रीच्याच आवाहनातून झाला. १९२५ मध्ये ओहायोतील सीडर पॉइंट येथे हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात दृष्टिहीनांसाठी साद घातली आणि त्या संस्थेने ते काम आपले मानले. ज्या अंध स्त्रीने त्या संस्थेला हे काम दिले, तिच्या भगिनींना तेथे सभासद होण्यासाठी त्यानंतर बासष्ट वर्षे थांबावे लागले.

चार दिवसांनी मी क्लबमधल्या दुसऱ्या एकमेव भगिनीला सोबत घेऊन त्याच खेड्यात गेले. वडिलांच्या दुकानात खेड्यापाड्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे मला अहिराणी कळते, मोडकीतोडकी बोलताही येते. ती त्या दिवशी पुष्पगुच्छापेक्षा जास्त उपयोगी पडली. एका ओसरीवर साठीच्या पुढची एक बाई बसली होती. दोन्ही बुबुळे दुधाळलेली. मी विचारले, शिबिराला का आल्या नाहीत? ती म्हणाली, ‘मी दवाखानामा गऊ ते घर कोन देखी?’

तिचा प्रश्न साधा होता, पण आमच्या शिबिराच्या आखणीत त्याला उत्तर नव्हते. डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सून सोबत आली तर तिचा दिवस बुडतो. शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यात मुक्काम, पुढे काही आठवडे डोळ्यांत थेंब, धूर आणि धूळ टाळायची. मग चुलीपुढे कोण बसणार? पुरुषाला मोतीबिंदू झाला की त्याचे काम अडते आणि घर धावते. बाईला झाला की ती चाचपडत चाचपडत तेच काम करीत राहते, आणि काम अडत नाही म्हणून कोणाला कळतही नाही. शिवाय आमची गाडी एकच. परक्या पुरुषांबरोबर एकटीने त्या गाडीत बसायला अनेकींचा जीव धजत नव्हता.

हे सारे मनात घोळवीत मी घरी आले. रात्री स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई दुसऱ्या दिवसासाठी तांदूळ निवडत होत्या. दिवा त्यांच्या डोक्यावर होता, पण त्यांची नजर ताटात नव्हती. त्या बोटांनी निवडत होत्या. प्रत्येक चिमूट अंगठ्याखाली फिरवून खडा शोधत होत्या. मी काही न बोलता त्यांच्यासमोर पंचांगाचे पान धरले. त्या म्हणाल्या, ‘उद्या बघते, बेटा. आज डोळे थकलेत.’

दोन वर्षांपासून त्यांना नीट दिसत नव्हते. अंदाजाने फोडण्या होत होत्या, अंदाजाने दिवे लागत होते, आणि तोंडपाठ असल्यामुळे पोथी समोर उघडी ठेवून पाठ म्हणणेही चालले होते. मी गावोगावच्या नोंदवह्या लिहीत होते, आणि माझ्या घरातली ही नोंद राहून गेली होती. ‘सांगितले का नाही?’ मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘तू बाहेर पडायला लागली होतीस. मी डोळ्यांचे सांगितले असते तर तू घरी बसली असतीस.’

त्या रात्री मला झोप आली नाही. खेड्यातल्या सुनेचा दिवस बुडतो म्हणून तिची सासू आंधळी राहते, आणि माझा दिवस बुडू नये म्हणून माझी सासू. मजुरीचा आकडा तेवढा वेगळा.

सासूबाईंची शस्त्रक्रिया आम्ही जळगावातच करवून घेतली. मी तीन आठवडे सभेला गेले नाही. त्यानंतर गेले ती एक कागद घेऊन. पुढच्या वर्षीचे शिबिर डिसेंबरऐवजी जानेवारीअखेर, वेचणी ओसरल्यावर घ्यावे. स्त्रियांसाठी वेगळी गाडी असावी. रुग्णाबरोबर येणाऱ्या एका सोबतिणीचे जेवण आणि मुक्काम क्लबने करावा. तपासणीआधी भगिनींनी घरोघरी जावे. विरोध झाला. खर्च वाढेल, दाते विचारतील, तारीख पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. काकाजींनी कागद मागून घेतला. प्रत्येक बाबीपुढे मी खर्च लिहिला होता. मंडप, बॅनर आणि व्यासपीठावरच्या सत्काराचा खर्च निम्मा केला की हे सारे त्यात बसत होते. त्यांनी दोनदा बेरीज तपासली आणि म्हणाले, ‘हिशेब बरोबर आहे.’ याहून अधिक ते काही बोलले नाहीत. कागद मात्र मंजूर झाला.

त्यानंतरच्या शिबिरात एकोणनव्वद रुग्ण निवडले गेले, त्यांत स्त्रिया सत्तेचाळीस होत्या. दुधाळ बुबुळांची ती बाईही त्यांत होती. सून सोबत आली होती. सभेची वेळही बदलली, पण पूर्ण नाही. महिन्यातून एक सभा रविवारी सायंकाळी, सूर्यास्तापूर्वी जेवण होईल अशी होते, बाकीच्या पूर्वीसारख्याच रात्री. रविवारच्या सभेला आपल्या समाजातले ते तिघेचौघे न चुकता येतात, हे मी पाहून ठेवले आहे.

यंदाच्या पर्युषणात मी एक गोष्ट नव्याने ऐकली. ऐकत तर लहानपणापासून आले होते. कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या चतुर्विध संघाची गणना आहे. इंद्रभूती गौतम प्रमुख असलेले चौदा हजार साधू, चंदनबाला प्रमुख असलेल्या छत्तीस हजार साध्वी. एक लाख एकोणसाठ हजार श्रावक आणि तीन लाख अठरा हजार श्राविका, त्यांत सुलसा आणि रेवती यांची नावे अग्रभागी. स्थानकात अंतगडसूत्राचे वाचन होते, त्यातल्या नव्वद मुक्तात्म्यांपैकी तेहतीस स्त्रिया आहेत. आपल्या पूर्वाचार्यांनी श्राविकांना श्रावकांच्या पोटात धरले नाही. त्यांचे पान वेगळे ठेवले, त्यांचा आकडा वेगळा लिहिला, त्यांच्या प्रमुखांची नावे लिहिली. शिकागोच्या क्लबांना जे विसाव्या शतकाच्या अखेरीस सुचले, ते आपल्या वहीत कितीतरी आधीपासून आहे. असे असताना आपल्या विश्वस्त मंडळांच्या, पांजरापोळींच्या, वसतिगृहांच्या, बाजार समित्यांच्या याद्या आपण काढून पाहाव्यात. स्वयंपाक, प्रभावना, स्वागत यांत भगिनी किती, आणि जेथे तारीख, वेळ आणि खर्च ठरतो तेथे किती? क्लबात जाणे हाच एक मार्ग आहे, असे माझे म्हणणे नाही. घरात राहून सेवा करणारी स्त्री कमी ठरत नाही. सासूबाईंनी मला तेच शिकवले. म्हणणे एवढेच, की जी करते तिचे नाव लिहावे, आणि ठरवताना तिला विचारावे.

त्या शिबिरात सासूबाई स्वतः आल्या होत्या. स्वयंपाकाला नव्हे. डोळ्यांना काळा चष्मा लावून त्या बायकांच्या रांगेत बसल्या आणि प्रत्येकीला सांगत राहिल्या, ‘मी करून आले. काही दुखत नाही.’ आमच्या सगळ्यांच्या भाषणांनी जे झाले नसते, ते या एका वाक्याने झाले. संध्याकाळी मी स्वयंसेवकांच्या यादीत त्यांचे नाव लिहिले, पूर्ण नाव, त्यांचे स्वतःचे. घरी आल्यावर त्यांनी ती वही मागून घेतली.

चष्मा बदलून, ओळीखाली बोट धरून त्यांनी नाव सावकाश वाचले. मला वाटले, त्या काहीतरी हळवे बोलतील. त्यांनी पान उलटले, रुग्णांच्या यादीवरून बोट फिरवले आणि त्या दुधाळ बुबुळांच्या बाईच्या नावाशी थांबल्या.

‘हिच्याबरोबर सून आली होती ना? दोन रात्री जागली पोरगी. तिचे नाव कुठे आहे?’

सोबतिणींची नावे आम्ही लिहिलीच नव्हती. फक्त आकडा लिहिला होता, जेवणाच्या हिशेबापुरता. मी लेखणी घेऊन आले.